धुतलेले दगड

आमच्या घरात दगड धुतल्याशिवाय भिंतीत जात नसे. हा आबांचा नियम होता. आबा म्हणजे माझे वडील, उत्रोलीचे गवंडी. दगडाला माती चिकटलेली असली की तो बसल्यासारखा दिसतो पण बसत नाही, आणि दोन पावसाळ्यांनी सरकतो, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे विहीर असो, घराचं जोतं असो की शेताची माती धरणारी ताल असो, प्रत्येक दगड आधी आईच्या आणि माझ्या हाताखालून जायचा. दोन घमेली पाणी, तारेचा ब्रश आणि नारळाची शेंडी एवढं सामान. पाचवी-सहावीत जाईपर्यंत मला वाटायचं की सगळ्यांच्याच घरी भांडी झाली की दगड घासायला घेतात.

आबांना लिहिता-वाचता जेमतेम यायचं, पण स्वतः बांधलेली एकूण एक भिंत त्यांच्या लक्षात होती. सातवीच्या सुट्टीत मी त्यांच्या तोंडून यादी उतरवून घेतली. दोनशे पानी वही, आणि गाव, मालक, लांबी, उंची असे चार रकाने. भोर, उत्रोली, भोंगवली आणि मधली खेडी धरून पुढच्या काही वर्षांत त्रेसष्ट भिंती झाल्या. प्रत्येक वेळी नवी नोंद केली की आबा मला खाली तीच ओळ पुन्हा लिहायला लावायचे: पडलेल्या, शून्य. पाडलेल्या, शून्य. "ह्येच खरं हाय," म्हणायचे, "बाकी नुसती बेरीज." पुढे मी भोरला शाळेत पंचवीस वर्षं गणित शिकवलं, पण शून्याला एवढं जपणारा माणूस मला दुसरा भेटला नाही.

चौसष्टावी भिंत पालीची. तिच्याबद्दलच लिहायचं आहे.

मी बारावीची परीक्षा देऊन मोकळी झाले होते आणि निकाल जूनमध्ये लागणार होता. पाली राजगडाच्या पायथ्याला. उत्रोलीहून रोज जाणं-येणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून आम्ही तिघं तिथेच एका गोठ्याला लागून असलेल्या खोलीत राहायला गेलो. खोली बारा फूट बाय दहा, खिडकी एकच आणि तीही गोठ्यात उघडणारी. सकाळी जाग यायची ती म्हशीने दाव्याला दिलेल्या हिसक्याने, आणि मग आबांच्या टाकीचा, म्हणजे छिन्नीचा, आवाज सुरू व्हायचा. दोन ठोके जोराचे, एक हलका. तो हलका ठोका दगडासाठी नसायचा, टाकीवरची कपची झटकायला असायचा. आई तीन दगडांच्या चुलीवर नाचणीच्या भाकरी थापायची. गोठ्याचा मालक तांब्याभर ताक द्यायचा, त्यात मीठ-लसूण घालून भाकरी कुस्करायची आणि सातच्या आत कामावर. दुपारी सुकटीची चटणी आणि कांदा. गडावर जाणारी शहरातली पोरं वाटेने जाता-जाता विचारायची, "काका, वर जायला किती वेळ?" आबा मान वर न करता म्हणायचे, "तुमाला की मला?"

काम नगरकरबाईंचं. बाई पुण्याच्या, चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या आणि एकट्या. त्यांनी गडासमोर जागा घेतली होती, दोन खोल्यांचं घर होत आलं होतं, आणि पुढे बाग करायची होती. बागेला दगडाची भिंत हवी होती. एकशेवीस फूट लांब, तीन फूट उंच, चुना-सिमेंट न घालता नुसती रचलेली. आणि ती जुनी दिसायला हवी होती. "समोर एवढा गड आणि पुढ्यात कालची भिंत, हे मला रोज बघवणार नाही," असं त्या म्हणाल्या होत्या. त्यासाठी त्यांनी पालीतल्या एका शेतकऱ्याकडून पडक्या तालीचे दगड घेतले होते. ताल म्हणजे उतारावरची माती धरून ठेवायला शेताच्या कडेने रचलेली भिंत. दगड ट्रॅक्टरने आणून टाकले, आणि जाताना बाई आबांना म्हणाल्या, "जुने दगड आहेत मिस्त्री, नीट सांभाळून वापरा." मग महिनाभरासाठी त्या पुण्याला गेल्या.

आमच्या घरात दगड सांभाळून वापरणं म्हणजे काय, हे मी वर लिहिलंच आहे.

आठशे चौसष्ट दगड होते. आई आणि मी वीस दिवसांत ते धुतले. त्यांतले पाचशे दहा मी, बाकीचे आईने. दगडांवर दगडफुलाचे थर होते. राखाडी, पांढरट, कडेला कुरळं झालेलं, जसं मसाल्यात घालतात तसंच. आईला ते वाया घालवणं पटेना. वैशाखात मसाला करायचा होता आणि बाजारचं दगडफूल निम्मं काडीकचरा असतं. म्हणून घासायच्या आधी ती विळ्याच्या टोकाने ते अलगद सोडवून घ्यायची, सुपात निवडायची आणि गोठ्याच्या पत्र्यावर वाळवायची. सगळं मिळून दीड किलो भरलं. आईने त्याचे दोन वाटे केले. पाऊण किलो आपल्याला आणि पाऊण किलो मालकिणीला, कारण दगड तिचे.

बाई चैत्रात परत आल्या तोवर तीस फूट भिंत उभी होती. आबांनी प्रत्येक दगडाचा दर्शनी भाग टाकीने सपाट केला होता, दोरी लावली होती, ओळंबा धरला होता. वरची कड अशी होती की तिच्यावर पाण्याने काठोकाठ भरलेला पेला ठेवला तरी सांडला नसता. आईने पदराला हात पुसले, खोलीतून कापडी पिशवी आणली आणि बाईंच्या हातात दिली.

"घ्या ताई. तुमच्याच दगडांचं हाय. नीट निवडून वाळवलंय, खडा न्हाई सापडायचा."

बाईंनी पिशवीत हात घातला. "हे काय?"

"दगडफूल. मसाल्याला."

बाई पिशवीकडे बघत राहिल्या, मग भिंतीकडे, मग राहिलेल्या दगडांकडे. दगड काळेभोर, लख्ख, आकारानुसार ओळीने लावलेले होते. "सगळ्यांचं काढलं?" त्यांनी विचारलं.

"एकूण एक," मी म्हणाले. मला वाटलं शाबासकी मिळणार. "आठशे चौसष्ट."

बाई खाली पायरीवर बसल्या. मग म्हणाल्या, "अहो मिस्त्री, हे दगड मी याच्यासाठीच घेतले होते. हे जे वर होतं ना, त्याच्यासाठी. स्वच्छच हवे असते तर खाणीतून आणले नसते का?"

"दगड धुतल्याबिगर बसत न्हाई, बाई."

"मला ते जुने दिसायला हवे होते."

"बसल्याबिगर दिसनार कसं?" आबा खरंच विचारत होते, उलट बोलत नव्हते.

बाईंनी भिंतीच्या कडेवरून बोट फिरवलं. आवाज न चढवता म्हणाल्या, "ही कारखान्याची भिंत झाली आहे. तुमचं काम वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण मला रोज हिच्याकडे बघत जगायचंय. मी आता दसऱ्याला येईन. तेव्हाही ही अशीच दिसली तर ट्रॅक्टर लावून पाडीन आणि तारेचं कुंपण घालीन." जाताना पिशवी मात्र त्या घेऊन गेल्या.

त्या दिवशी आबांनी एकच भाकरी खाल्ली. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि ती नीट करत बसले. पाडीन हा शब्द त्यांना यापूर्वी कुणी म्हटला नव्हता. आई म्हणाली, "अवं, बाईमाणूस रागानं बोललं असंल." आबा म्हणाले, "रागानं न्हाई बोलली. इचार करून बोलली. भिताड जुनं दिसायला जुनं व्हावं लागतं, त्याला म्या काय करू?" दुसऱ्या दिवसापासून ते घराच्या मागच्या पायऱ्यांच्या कामाला लागले. भिंतीकडे फिरकेनात.

मी मनाशी ठरवलं की ही भिंत पाडली जाणार नाही. यात प्रेम होतंच, पण आकडाही होता. आठशे चौसष्टांतले पाचशे दहा मी घासले होते, म्हणजे चूक निम्म्याहून जास्त माझी होती. जे काढलं ते परत आणायचं, एवढाच विचार. गोठ्यामागे सावलीत, जिथे म्हशी धुतलेलं पाणी वाहायचं, तिथे मी चौदा दगड मांडले, खडूने नंबर टाकले आणि वही घातली. दोन दगडांवर नुसतं पाणी. दोनांवर शेणाचा काला. दोनांवर ताक. दोनांवर तांदळाचं धुवण. दोनांवर विहिरीच्या पायरीवरचं शेवाळ पाट्यावर वाटून. बाकीच्या चारांवर यांची मिश्रणं. सकाळ-संध्याकाळ पाणी आणि दर तिसऱ्या दिवशी नोंद. ताकाला आईने विरोध केला. "माणसांना तांब्याभर, आन् दगडांना बी तांब्याभर?" तिचा विरोध फार टिकला नाही, कारण ताकाचे दोन्ही दगड दुसऱ्याच दिवशी कुत्र्याने चाटून साफ केले. वहीत मी तसंच लिहिलं आहे: क्रमांक पाच व सहा, कुत्रा.

एकवीस दिवसांनी क्रमांक अकरा आणि बारा हिरवे झाले. शेण, तांदळाचं धुवण आणि वाटलेलं शेवाळ यांचं ते मिश्रण होतं. मी आनंदाने ते दोन दगड उचलून भिंतीवर ठेवले. नेमक्या तेव्हा गंगूआत्या आली.

गंगूआत्या पालीची, साठीच्या पुढची. भिंतीच्या पलीकडे ओढ्याकाठी तिचं भाताचं खाचर होतं आणि तिची जायची वाट बाईंच्या जागेतून होती. आता मध्ये भिंत आली. वळसा घालून जाणं तिला मान्य नव्हतं. ती रोज दोन शेळ्या घेऊन यायची, एकाच ठिकाणी भिंतीवर हात टेकायची, पाय टाकायची आणि पलीकडे उतरायची. उतरताना वरचे दोन-तीन दगड सुटायचे. भिंतीकडे फिरकत नसले तरी एवढ्यापुरते आबा रोज सकाळी येऊन ते परत बसवायचे. मी मोजायला लागल्यापासून, तोवर अकरा वेळा.

तिने माझ्या हिरव्या दगडांकडे पाहिलं. "ह्ये काय गं, गवंड्याच्या पोरी?"

"भिंत जुनी करतीय, आत्या."

ती पदर तोंडाला लावून हसली. "अगं, नव्या नवरीला पिकलं केस लावल्यागत दिसतंय. कात टाकल्याली भिंत तुजी, दोरीत बांदल्याली. तिला हिरवं लाव न्हाईतर निळं लाव, ती आपली नवीच." मग शेळीला म्हणाली, "चल गं, हितं लगीन चाललंय." आणि नेहमीच्या जागेवरून चढली. दोन दगड पडले. बारा.

तेव्हा मला राग आला. पण त्या दुपारी मी भिंतीपासून साठ पावलं मागे गेले आणि डोळे बारीक करून पाहिलं. शेवाळ दिसेना. दिसत होती ती फक्त वरची सरळ कड, फळ्यावर पट्टीने रेघ मारावी तशी. आत्या बरोबर होती.

आबांना हे तोंडाने सांगून उपयोग नव्हता. दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्यांना गडाच्या बाजूच्या चढावर घेऊन गेले. तिथे एक जुनी ताल होती, गवतात अर्धी बुडालेली. मी टेप, दोरी आणि ओळंबा बरोबर घेतला होता. आबा म्हणाले, "काय मोजायचंय?" मी म्हणाले, "तुमीच सांगा, ही बरी हाय का वाईट." पन्नास फूट दोरी ताणली. वरची कड दोरीपासून कुठे वर, कुठे खाली, सगळ्यांत जास्त नऊ इंच. पोट चार इंच पुढे आलेलं. एके ठिकाणी तर दीड फूट खोल खळगा, आणि तिथल्या दगडांच्या कडा झिजून गोल झालेल्या. मी आकडे मोठ्याने वाचत होते. आबांनी ते नीट ऐकले, मग गुडघ्यावर बसून सांध्यांतून बोटं फिरवायला लागले. बराच वेळ लागला त्यांना. एक सांधा दुसऱ्या सांध्यावर कुठेही आला नव्हता. दर चार-साडेचार फुटांवर एक लांब दगड भिंतीच्या आरपार गेलेला होता. ते जे नियम पाळायचे ते सगळे इथे पाळलेले होते, फक्त दोरी नव्हती.

"कुणाची हाय?"

"गंगूआत्या म्हनती, तिच्या सासऱ्याच्या बी आदीची."

"पडली न्हाई," आबा म्हणाले. मग, "आतनं सरळ हाय ही. भाइरनं म्हातारी झालीया." ते उठले, गुडघे झटकले आणि त्या खळग्यातून पलीकडे गेले, परत आले. "ह्यो खड्डा कशाचा?"

"वाट हाय ना. माणसं चढत्यात."

बाईंच्या जागेवर आल्यावर त्यांनी टोपी काढून लाकडाच्या ओंडक्यावर ठेवली आणि आपल्या तीस फूट भिंतीच्या वरचा पहिला दगड उचलून खाली ठेवला. मग दुसरा. आई पाण्याची कळशी घेऊन येत होती, ती जागीच थांबली. "अवं, काय करताय?"

"दुसऱ्यानं पाडायची वाट कशाला बगू? माजी हाय, मीच काडतो."

बांधायला आठ दिवस लागले होते, उतरवायला एक लागला. आबांनी एकही दगड फेकला नाही. सगळे हाताने खाली ठेवले. दोरी गुंडाळून माझ्याकडे दिली आणि म्हणाले, "ठिव पिशवीत." पुढे वर्गात एखादा मुलगा पूर्ण पानभर सोडवलेलं गणित स्वतः खोडून पुन्हा मांडायचा तेव्हा मी त्याला अर्धा गुण जास्त द्यायचे. कारण कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

पुढचा महिना आम्ही जसं काम केलं तसं मी नंतर कधी केलं नाही. दगडफूल गेलं होतं, पण दगडाची कातडी गेली नव्हती. उन्हापावसाकडे असलेली बाजू तांबूस आणि गुळगुळीत होती, मातीतली बाजू काळी आणि खरखरीत. मी आठशे चौसष्ट दगड एकेक करून उलटेपालटे केले आणि उन्हाच्या बाजूवर खडूने फुली मारली. टाकी लागलेली तोंडं आतल्या अंगाला. आबा फुली बाहेर ठेवून दगड लावायचे, सांधा मोडायचे, लांब दगड आरपार घालायचे. वरच्या कडेसाठी त्यांनी डोळ्यावर भरवसा ठेवला, आणि तो त्यांना जड गेला. दिवसातून चार-पाचदा त्यांचा हात पिशवीकडे जायचा. आई म्हणायची, "दोरी न्हाई त्यात, चुना-तंबाखू हाय." ते हसायचे आणि तंबाखू मळायचे. रोज चार फूट, तीस दिवस. आत्याची जागा आली तेव्हा आबांनी मला विचारलं, "किती खाली ठिवायचं?" मी आत्याला उभं करून गुडघ्यापर्यंतची उंची मोजली. अठरा इंच. भिंत तिथे दीड फुटावर थांबवली आणि दोन्ही अंगांना पाय ठेवण्यापुरते लांब दगड बाहेर काढले.

"माज्यासाठी?" आत्याने विचारलं.

"शेळ्यांसाठी," आबा म्हणाले.

याच दिवसांत आईने मसाला केला. मिरच्या भाजल्या, धणे, खोबरं, तीळ, सगळी खोली खोकायला लागली आणि म्हशीही शिंकल्या. पण नव्या मसाल्याचं कालवण तोंडात घातल्यावर मला काहीतरी कमी वाटलं. "आई, हे असं का लागतंय?"

"दगडफूल न्हाई घातलं."

"पाऊण किलो होतं की."

"हाय. ठिवलंय." तिने भाकरी परतली. "दगडाचं हुतं, दगडाला लागंल."

मृगाच्या आधी भिंत पुरी झाली आणि आम्ही लावणीला उत्रोलीला परतलो. माझा निकाल लागला. जोराचे पाऊस ओसरले तसे, श्रावण संपताना, आई आणि मी एसटीने आणि मग चालत पालीला गेलो. क्रमांक अकराचं मिश्रण मी घमेल्यात केलं आणि भिंतीच्या उत्तरेच्या अंगाला, जिथे ऊन कमी, तिथे केरसुणीने लावलं. आईने दगडफूल पाट्यावर भरड वाटून तांदळाच्या पेजेत कालवलं होतं. ती ते बोटाने सांध्यांच्या कडेला लावत होती, लेकराला औषध चोळावं तसं. मी तिला सांगितलं, वायव्येच्या कोपऱ्यापासून वीस दगडांनाच लाव, पुढचे वीस तसेच सोड, म्हणजे कळेल. "काय कळंल?" तिने विचारलं. "कशाने उगवलं ते." "उगवल्याशी मतलब," ती म्हणाली, पण वीसच दगडांना लावलं.

दसऱ्याला आम्ही तिघं आदल्या दिवशीच पालीला गेलो. आमच्यासाठीही तो दिवस मोठा. पहाटे खोलीत बुद्धवंदना झाली, आई पांढरं पातळ नेसली, आबांनी धुवट टोपी घातली. दहाच्या सुमारास बाई आल्या. त्या फाटकापाशीच थांबल्या. भिंत पावसाळ्यातून निघाली होती. उत्तरेचं अंग हिरवट काळं, सांध्यांतून नेचे आलेले, बुडाशी गवत, आणि वरची कड पाठीमागच्या डोंगरासारखी थोडी वर, थोडी खाली. दगडफूल कुठेही नव्हतं. ते इतक्यात येणार नव्हतंच. आबा हात मागे बांधून उभे होते. मी बोटं मोजत होते.

बाई भिंतीच्या कडेने चालत गेल्या आणि त्या सखल जागेपाशी आल्या. तेवढ्यात पलीकडून गंगूआत्या आली. डोक्यावर गवताचा भारा, पुढे शेळ्या. बाईंकडे न बघता चढली, उतरली, आणि मग बघितलं. एकही दगड हलला नाही. चार महिन्यांत तिच्या पायांनी आणि शेळ्यांच्या खुरांनी त्या दगडांना हलकी चकाकी आली होती.

"मिस्त्री," बाई म्हणाल्या, "ही चढण इथे आधीपासूनच होती का? जुन्या तालीची?"

हो म्हटलं असतं तर तिथेच संपलं असतं. मी आबांकडे पाहिलं.

"न्हाई," आबा म्हणाले. "आमी ठिवली. तुमाला न इचारता."

"माझ्या आवारातून वाट?"

"वाट तुमच्या आदीची हाय, बाई. तुमाला जुनं पायजे हुतं. दगडावरचं जुनं आमी घासून काडलं, चूक आमची. मंग माज्याकडं जुनी म्हनावी अशी ही वाटच राह्यली हुती. ती घातली भिताडात."

बाईंनी साडीचा काठ एका हाताने वर धरला, दुसरा हात दगडावर टेकला आणि पहिल्या दगडावर पाय ठेवला. वर चढल्या. तिथे उभ्या राहून गडाकडे पाहिलं.

"उतरताना डावा पाय आदी," गंगूआत्या म्हणाली. "उजवा टाकला तर तोंडावर पडाल."

बाई डावा पाय आधी टाकून उतरल्या, पलीकडून दोन पावलं गेल्या आणि त्याच वाटेने परत आल्या. हाताला लागलेलं शेवाळ पदराला पुसलं. "राहू दे," म्हणाल्या. "आहे तशी राहू दे."

आईने इतका वेळ धरून ठेवलेला प्रश्न विचारला. "ताई, त्या दगडफुलाचं काय केलंत?"

"मसाल्यात घातलं," बाई म्हणाल्या. "चांगला झाला. म्हणून जास्तच राग आला."

घरी आल्यावर मी वही काढली. चौसष्ट, पाली, नगरकरबाई, एकशेवीस फूट, तीन फूट. खालच्या ओळीपाशी हात थांबला. पडलेल्या, शून्य. पाडलेल्या. मी म्हणाले, "आबा, शून्यच ना? बाईंनी नाही पाडली." आबा म्हणाले, "एक लिव्ह. तीस फूट. म्हंजी पाडलीच की." मी एक लिहिला. मग त्यांनी जरा विचार करून सांगितलं, "म्होरं लिव्ह, सोता." त्यानंतर त्यांनी आणखी एकोणीस भिंती बांधल्या आणि ती ओळ प्रत्येक नोंदीखाली तशीच येत गेली.

आबा आता नाहीत. बाईही नाहीत, जागा त्यांच्या भाचीकडे आहे. गेल्या हिवाळ्यात उत्रोलीच्या घरापुढे आम्हालाही बागेची भिंत घालायची होती. माझ्या मुलाने मोबाईलवर एक द्रावण शोधून काढलं, फवारलं की नवा दगड आठ दिवसांत जुना दिसतो म्हणे. मी म्हटलं, आधी एकदा बघून येऊ. स्टीलची पट्टी घेऊन पालीला गेले. आत्याच्या चढणीवरचे दगड काचेसारखे झाले आहेत, तिथे काहीही उगवलेलं नाही, आणि तिची नातसून अजून तिथूनच जाते. वायव्येच्या कोपऱ्यातले चाळीस दगड मी दोनदा तपासले. आईने लावलेल्या विसांपैकी सतरांवर दगडफूल आहे, सगळ्यांत मोठं अकरा सेंटिमीटर. न लावलेल्या विसांपैकी पंधरांवर आहे, सगळ्यांत मोठं नऊ. फरक इतका थोडा आहे की त्यावरून काहीच ठरत नाही, असं मी प्रामाणिकपणे म्हणेन. मी वर्गात असते तर एवढ्यावर निष्कर्ष काढू दिला नसता.

आई आता माझ्याकडेच असते. तिला नीट दिसत नाही. संध्याकाळी तिच्याजवळ बसून मी आकडे सांगितले.

"सतरा न्हवं?" ती म्हणाली. "मंग लागलं की."

"अगं, पण न लावलेल्या पंधरांवरही आलंय."

"त्ये त्येंचं त्ये आलं असंल." ती थोडा वेळ माझ्या हातातली पट्टी चाचपत राहिली. मग तिने विचारलं, "काडून आनलंस?"

"नाही."

"धुतलं-बितलं न्हाईस ना?"

"नाही गं. हातसुद्धा नाही लावला."

"बरं केलंस," आई म्हणाली.

आमच्या भिंतीचे दगड अंगणात येऊन पडले आहेत. दोनशे अठरा. घासलेले नाहीत.